गोळीनं नाही, धुळीनं अन् गिअरनं मारलं: ऑस्प्रेचं दुखणं

प्रश्न: नमस्कार सर. ते पंखे आभाळाकडं करून उठणारं अन् मग पंखे पुढं वळवून विमानासारखं पळणारं मशीन व्हिडिओत बघितलं, ऑस्प्रे म्हणे. माझं ट्रॅक्टर रिपेअरिंगचं दुकान आहे. एवढे फिरते पार्ट असलेलं मशीन लढाईत टिकतं कसं? आमच्याकडं साधी रोटाव्हेटरची गिअरपेटी दोन सीझन काढत नाही. (एक वाचक, वसमत)

उत्तर: दादा, हा प्रश्न मिस्त्रीनं विचारला हे लई बरं झालं, कारण याचं उत्तर विमानात कमी अन् गिअरपेटीतच जास्त आहे. याला टिल्ट-रोटर म्हणतात. पंखाच्या दोन टोकांना दोन इंजिनं, अन् उतरताना-उठताना ते इंजिन आख्खंच वर वळतं. एकेक इंजिन ६,००० हॉर्सपॉवरच्या वर, म्हणजे आपले ५० एचपीचे सव्वाशे ट्रॅक्टर एका नळकांड्यात कोंबलेत असं समजा. पहिलं उड्डाण १९८९ ला, पण लढाईत उतरायला २००७ उजाडलं, कारण मधल्या काळात अपघातांत माणसं गेली.

आता लढाईचं. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेच्या मरीन्सनी (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारी फौज) हे मशीन इराकमधल्या अल असद तळावर नेलं. काम केलं, नाही असं नाही. पण २००९ ला अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या खात्यानं हिशेब काढला तेव्हा गोम दिसली. १०० पैकी किमान ८२ वेळा मशीन कामाला तयार पाहिजे असं ठरलेलं होतं, तिथं गेलेल्या तीन तुकड्यांचे आकडे निघाले ६८, ५७ अन् ६१. अन् जे म्हातारं हेलिकॉप्टर काढून हे आणलं होतं, ते सीएच-४६, त्याच इराकमध्ये ८५ च्या पुढं होतं! इंजिन ५००-६०० तास चालंल असा अंदाज, ते ४०० सुद्धा गाठंना. स्पेअर मिळंना म्हणून एका मशीनचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा, हा आपल्या गॅरेजवाला धंदा तिथंबी चालला.

इंजिन का संपलं? धूळ. निवडणुकीच्या वेळी पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायचं असलं की हेलिपॅडवर आधी टँकरनं पाणी मारतात, ते बघितलं असंल तुम्ही (गावाला प्यायला टँकर मिळायची मारामार, पण ते राहू द्या). ते पाणी शोभेला नसतंय. ऑस्प्रेचे पंखे हेलिकॉप्टरच्या मानानं आखूड, ११-१२ मीटरचे, अन् वजन २४ टनापर्यंत, मग खाली हवा किती जोरानं आपटत असंल बघा. सगळा फुफाटा वर उठतो, पायलटला जमीन दिसत नाही अन् तीच माती इंजिन गिळतं. आत एवढी आग की वाळू वितळून काचेसारखी पात्यांवर बसते. २०१५ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर एक ऑस्प्रे अशाच धुळीत लटकत राहिलं, इंजिनाचा दम गेला अन् ते खाली आपटलं, दोन मरीन गेले. तिथं ना शत्रू ना गोळी, नुस्ती माती.

गोळीचं म्हणाल तर उलटंच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानच्या बोर गावात लोकांना काढायला तीन ऑस्प्रे गेली, खालून गोळीबार झाला, मशीनची चाळणी झाली, आतली चार माणसं जखमी झाली, तरी तिन्ही मशीन हवेतच इंधन भरत युगांडातल्या एंटेबेला पोचली. हायड्रॉलिकच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) तीन वेगळ्या लाइनी दिल्यात ते अशा दिवसासाठीच.

आता तुमच्या खास विषयावर येतो, क्लच अन् गिअर. दोन्ही पंख्यांच्या मध्ये एक लांब शाफ्ट आहे, एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही पंखे फिरवतं. त्यासाठी जो क्लच आहे तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एकाच दिशेनं धरणारा. जुनं फ्रीव्हील कसं, पॅडल मारता मारता सटकतं, पाय रिकामा फिरतो अन् मग एकदम धरतं, गुडघ्याला झटका बसतो? तेच इथं ६,००० हॉर्सपॉवरवर झालं. जून २०२२ ला कॅलिफोर्नियात त्या झटक्यानं पाच मरीन गेले. मग फेब्रुवारी २०२३ ला हुकूम निघाला की ८०० तास झालेला तो क्लचचा जोड बदलूनच टाका.

अन् चिपचं ऐका, चिप म्हणजे झिजलेल्या लोखंडाचा कीस. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये लोहचुंबक असतं, गिअर झिजला की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो अन् पायलटसमोर सूचना येते. बारीक कीस असला तर मशीन करंट देऊन तो जाळून टाकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकी हवाई दलाच्या ऑस्प्रेत चिप जळाल्याची सूचना पाच वेळा आली, नंतर न जळणाऱ्या चिपची. तेव्हाच्या नियमात 'सोयीनं लवकर उतरा' एवढंच होतं, ते उडतच राहिले. डाव्या गिअरबॉक्समधल्या एका पिनियनला (लहान दातेरी चाकाला) तडा गेलेला होता, तो फुटला. आठ जण गेले. पुढं ६ डिसेंबर ते ८ मार्च सगळी ऑस्प्रे जमिनीवर.

माझ्या मेहुण्यानं परवा ट्रॅक्टरच्या गिअर ऑइलचा बोल्ट खोलला, चुंबकाला मिशीएवढा कीस. फडक्यानं पुसला, बोल्ट परत आवळला अन् म्हणला, 'उसाचा सीझन होऊ द्या.' तिसऱ्या दिवशी भरल्या ट्रॉलीसकट क्राउन-पिनियन गेलं. त्याच्याखाली जमीन होती म्हणून आज तो चहा पितोय.

मशीनच वाईट का मग? मला तसं वाटत नाही. डिसेंबर २००० ला हायड्रॉलिकची नळी वायरच्या जुडग्याला घासून फुटली, वर सॉफ्टवेअरनं घोळ वाढवला, चार जण गेले, अन् पुढच्याच महिन्यात ऑस्प्रेच्या एका तुकडीचा प्रमुख मेंटेनन्सच्या नोंदी खोट्या लिहायला सांगितल्यावरून काढला गेला. नळीचं एक वेळ समजू शकतो, वहीचं नाही.

प्रश्न: इंजिन वर वळलंच नाही तर विमानासारखं धावपट्टीवर उतरता येतं का? (एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर: ताई, येतं, पण पंखे जमिनीला लागतात, कारण ते खाली मावतच नाहीत. म्हणून पाती अशी बनवलीत की आपटल्यावर तुकडे न उडता खराट्यासारखी पिंजून जावीत. आता अमेरिकी लष्करानं डिसेंबर २०२२ ला जे नवीन टिल्ट-रोटर निवडलंय, व्ही-२८०, त्यात इंजिन आडवंच राहतं, वळतो फक्त पुढचा पंख्याचा भाग. मिस्त्री लोकांचा निम्मा ताप तिथंच कमी व्हावा.

प्रश्न: आपल्या पुराच्या वेळी असं मशीन आलं तर? (एक वाचक, परंडा)

उत्तर: आपल्या हवाई दलाकडं टिल्ट-रोटर नाही, एमआय-१७ अन् ध्रुव ही हेलिकॉप्टरं आहेत. अन् गिअर-बेअरिंगचं दुखणं फक्त अमेरिकेचं समजू नका, जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघं गेले, अन् सगळी ध्रुव थांबवली होती, लष्कर अन् हवाई दलाची मे महिन्यात परत सुरू झाली. ऑस्प्रे लांबच्या पल्ल्याला भारी, पण २०१० ला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका बागेत उतरताना त्याच्या वाऱ्यानं झाडाच्या फांद्या तुटून दहा जण जखमी झाले होते. आपल्याकडं पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले असतात. पुरात पत्र्यावर बसलेल्या माणसाला घ्यायला हे आलं, तर माणसाआधी पत्राच वर जायचा.