वाचकांचे प्रश्न : पोपचं फर्मान, राजाची सनद आणि आदिवासींची जमीन

प्रश्न : ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने 'शोधाचा सिद्धांत' नाकारला, असं वाचलं. आता अमेरिका-कॅनडातल्या आदिवासींना जमिनी परत मागता येतील का?

उत्तर : शोधाचा सिद्धांत म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांचा मुलूख जो युरोपीय देश आधी 'शोधेल', त्याची मालकी त्या देशाची, हा दावा. तो नाकारणाऱ्या निवेदनाच्या जोरावर एक एकरही मागता येणार नाही. असं का, ते समजून घ्यायचं तर पोपचं फर्मान, राजाची सनद आणि कोर्टाचा निकाल हे तीन कागद वेगवेगळे धरावे लागतात. बातम्यांमध्ये तिघांची सरमिसळ होते.

आधी फर्मानं. १४५२ चं 'दुम दिव्हेर्सास' आणि १४५५ चं 'रोमानुस पोंतिफेक्स' ही पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला दिली. ख्रिस्ती नसलेल्यांवर चालून जाण्याची आणि त्यांना कायमचं गुलाम करण्याची मुभा पहिल्याच फर्मानात आहे. १४९३ चं 'इंतेर चेतेरा' पोप सहावा अलेक्झांडर याचं, स्पेनसाठी. अझोर्स आणि केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला शंभर लीगवर (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) एक रेघ मारायची आणि पलीकडचा सगळा प्रदेश स्पेनला द्यायचा; अट एवढीच, की तो आधीच एखाद्या ख्रिस्ती राजाच्या ताब्यात नसावा. ही अट दोनदा वाचावी. तिथे माणसं राहतात की नाही, याची विचारपूसच नाही. विचारलंय ते फक्त राजाच्या धर्माबद्दल.

जमिनीवर याचा अंमल कसा व्हायचा, तेही पाहा. स्पेनने १५१३ मध्ये 'रेकेरिमिएंतो' नावाचा मसुदा तयार केला. चढाईआधी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. पोपने हा मुलूख आमच्या राजाला दिलाय, मुकाट मान्य करा. नाही केलंत तर लढाई होईल, बायकामुलांसह गुलाम व्हाल आणि दोष तुमचाच असेल, असा त्याचा मजकूर. वाचायचा स्पॅनिशमध्ये, आणि ऐकणाऱ्यांना स्पॅनिशचा गंधही नसायचा. तरी कागदोपत्री 'सूचना दिली' अशी नोंद पक्की.

२०२३ चं निवेदन व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी मिळून काढलं. हा सिद्धांत चर्चच्या शिकवणीचा भाग नाही आणि वसाहतवादी सत्तांनी फर्मानांचा राजकीय वापर करून घेतला, असं त्यात म्हटलंय. आदिवासींचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावू नये असं सांगणाऱ्या १५३७ च्या फर्मानाचा दाखलाही दिलाय. मात्र आदिवासींची मागणी होती ती जुनी फर्मानं नाव घेऊन औपचारिकपणे रद्द करण्याची. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस क्वेबेकमध्ये प्रार्थना घेत असताना वेदीसमोर 'सिद्धांत रद्द करा' असा फलक उभा राहिला, तो त्यासाठीच. ती मागणी पुरी झालेली नाही. सगळा दोष राजांच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. त्या फर्मानांवरचा शिक्का पोपचाच होता.

प्रश्न : पण पोपच्या फर्मानाला अमेरिकेतलं कोर्ट कशाला मानेल?

उत्तर : ते मानत नाहीच, आणि अडचण नेमकी तीच आहे. १८२३ चा 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' हा खटला बघा. वादीपक्षाची जमीन १७७३ आणि १७७५ मध्ये इलिनॉय आणि पियांकेशॉ लोकांकडून थेट विकत घेतलेली होती. प्रतिवादीने अमेरिकी सरकारकडून घेतली होती. आदिवासी विकू शकतात का, एवढाच मुद्दा, आणि खटल्यात आदिवासी पक्षकार एकही नाही! सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी स्पेनचा हक्कही निव्वळ पोपच्या दानावर उभा नसल्याचं सांगून आधार घेतला तो इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४९६ मध्ये जॉन कॅबटला दिलेल्या सनदेचा. 'ख्रिस्ती लोकांना आजवर अज्ञात' असलेले मुलूख ताब्यात घ्या, असं त्या सनदेत होतं. म्हणजे फर्मानातलीच अट, राजाच्या शिक्क्याने. पोपने आपलं फर्मान मागे घेतलं तरी सनदेवर उभा असलेला निकाल जागचा हलत नाही.

मार्शल यांनी मालकीचे दोन तुकडे केले. मूळ मालकी 'शोध' लावणाऱ्या देशाची, म्हणून पुढे अमेरिकेची. आदिवासींकडे उरला वहिवाटीचा हक्क, आणि तोही फक्त सरकारलाच विकता येईल असा. गिऱ्हाईक एकच म्हटल्यावर भाव कोण ठरवणार? शेकडो करारांत जमिनी कवडीमोलाने गेल्या, त्यामागे फौजेचा धाक होताच, पण हा नियमही होता. १९५५ मध्ये अलास्कातल्या टी-हिट-टन लोकांच्या जंगलातलं लाकूड सरकारने विकलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा वहिवाटीपोटी घटनेनुसार भरपाई देणं लागत नाही.

आणि २००५ चा शेरिल शहराचा खटला. न्यूयॉर्क राज्यातल्या वनायडा लोकांनी आपलीच जुनी जमीन १९९७-९८ मध्ये बाजारभावाने विकत घेतली आणि ती आपल्या सार्वभौम हद्दीत आल्याने शहराचा कर लागू नाही, असं म्हटलं. ते हरले. निकालाच्या पहिल्याच तळटीपेत शोधाचा सिद्धांत आहे. मुख्य कारण मात्र दिलं ते 'फार उशीर झाला' हे. संघीय न्यायालयाचं दार या दाव्यांसाठी १९७४ च्या निकालाने उघडलं. दार बंद असतानाची वर्षंसुद्धा उशिरात धरणं, याला न्याय म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात माबो खटला जिंकला, मग यॉर्टा यॉर्टा लोक का हरले?

उत्तर : पुरावा कशाचा द्यायचा, यावर सगळं ठरलं. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरच्या एडी कोइकी माबो आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दावा लावला. बेटावर घरोघरच्या बागा आहेत, त्यांच्या हद्दी ठरलेल्या, आणि दुसऱ्याच्या बागेला हात लावू नये हा 'मालो' या बेटावरच्या देवाचा कायदा पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. कोर्टात ही वहिवाट बागेबागेने मांडली गेली. क्वीन्सलंड सरकारने १९८५ मध्ये कायदा करून दावाच संपवायचा घाट घातला. १९८८ मध्ये तो कायदा वांशिक भेदभावविरोधी कायद्यावर आपटून फुटला. ३ जून १९९२ रोजी हाय कोर्टात (ऑस्ट्रेलियातलं हेच सर्वोच्च न्यायालय) सहा विरुद्ध एक मतांनी 'टेरा नलियस', म्हणजे कोणाच्याच मालकीचा नसलेला मुलूख, ही कल्पना मोडीत निघाली. माबो त्याआधी साडेचार महिने वारले होते.

माबो निकालानंतर आलेल्या १९९३ च्या आदिवासी जमीनहक्क कायद्यानुसार दावा फेडरल कोर्टात दाखल होतो, निबंधक नोंदणीची कसोटी लावतो, तीन महिन्यांची जाहीर सूचना निघते, मग मध्यस्थी किंवा सुनावणी. दगा देते ती सातत्याची अट : इंग्रजी अंमल आला तेव्हाचे रीतिरिवाज आजवर न तुटता पाळले, हे दाखवावं लागतं. यॉर्टा यॉर्टांना मिशनात कोंबलं होतं, भाषा दडपली होती. कोर्टाने एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या पशुपालकाच्या लिखाणाला वंशजांच्या साक्षींपेक्षा जास्त वजन दिलं आणि धागा तुटल्याचं ठरवलं. २००२ मध्ये हाय कोर्टानेही तेच कायम केलं. ज्यांना जास्त छळलं त्यांचाच पुरावा कमी पडतो, हा या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे.

प्रश्न : तोंडी इतिहास कोर्टात चालतो का?

उत्तर : कॅनडात चालतो, १९९७ च्या 'डेलगामूक' निकालापासून. त्याआधी खालच्या कोर्टात गित्क्सान आणि वेटसुवेटेन लोकांच्या या खटल्यात ३१८ दिवस साक्षीपुरावे चालले होते. एका ज्येष्ठ गित्क्सान बाईंनी जमिनीचा इतिहास सांगणारं घराण्याचं गाणं म्हणायचं ठरवलं, तेव्हा न्यायाधीश म्हणाले की मला गाण्याचा कान नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढे असा पुरावा लेखी कागदांच्या बरोबरीने तोलायला सांगितलं. २०१४ मध्ये त्सिल्कोटिन लोकांना १,७०० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीचा हक्क मिळाला. तरीही तळाची मालकी राजसत्तेचीच, असं त्याही निकालात आहे. माबोतही तसंच.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा बंधनकारक आहे का?

उत्तर : आपोआप नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी तो संमत झाला; विरोध अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा. चौघांनी पुढे पाठिंबा दिला. कॅनडाने २०२१ मध्ये त्यासाठी कायदा केला.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. मूळ निकाल कुठून वाचायला घेऊ?

उत्तर : 'जॉन्सन'पासून. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या अहवालाच्या २१ व्या खंडात ५४३ पानावर तो सुरू होतो. मार्शल यांचं निकालपत्र ५७१ पासून. कॅबटची सनद ५७६ वर आहे. ५९१ वर ते स्वतःच कबूल करतात की वस्ती असलेल्या देशाचा नुसता शोध म्हणजे विजय, हा दावा अवाजवी वाटेल, पण देशातली सगळी मालमत्ता त्यावर उभी असल्याने आता तो तपासता येत नाही. लगेच त्यांचाच १८३२ चा 'वूस्टर विरुद्ध जॉर्जिया' वाचा. किनाऱ्यावरच्या चार दुबळ्या वस्त्यांना समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या जमिनीची मालकी मिळाली, ही कल्पना त्यांनी तिथे हास्यास्पद ठरवली आहे, आणि शोधाने युरोपीय देशांची आपापसातली स्पर्धा तेवढी मिटली, आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क गेला नाही, असंही लिहिलं आहे. आदिवासींचे वकील हीच पानं पुढे करतात.