वाचकांचे प्रश्न : वऱ्हाड नेमकं कुणाचं होतं?

प्रश्न (अमरावतीहून) : सर, आमच्या पणजोबांच्या जुन्या कागदावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं आहे, पण घरातली म्हातारी माणसं म्हणतात की वऱ्हाड निजामाचं होतं. मग पणजोबा इंग्रजांची प्रजा की निजामाची?

उत्तर : म्हातारी माणसं पण बरोबर आणि कागद पण बरोबर. कायद्यानं वऱ्हाड शेवटपर्यंत निजामाचंच होतं, कारभार मात्र इंग्रजांचा. झालं असं की हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज होती तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर, तो थकत गेला, आणि १८५३ मध्ये कंपनीनं त्या थकबाकीपोटी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे नागपूरला तिसरे रघुजी भोसले वारले, गव्हर्नर-जनरल डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि राज्य खालसा केलं, मग १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत बनवला. त्यात वऱ्हाड नव्हतं बरं का! वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटकडून, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीकडून चालायचा. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवायला जिवाचं रान केलं पण इंग्रज कशाला सोडतायत, कापसाचा मुलूख तो, आणि रेल्वे पण तिथूनच नागपूरला गेलेली.

मग १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं लिहून घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये ठरले, आणि पुढच्या वर्षी १९०३ ला ते नागपूरच्या कारभाराला जोडलं. जोडलं म्हणजे विलीन केलं नाही, आणि माझ्या मते सगळी गुंतागुंत इथेच आहे. कागदोपत्री वऱ्हाड 'ब्रिटिश इंडिया' नसल्यामुळे नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे मेंबर लोक मतदान करून निवडायचे आणि नंतर सरकार त्याच माणसांना 'नेमलेले सदस्य' म्हणून बसवायचं, म्हणजे विचार करा, अकोल्याच्या माणसानं निवडणूक जिंकली तरी कागदावर तो नेमलेलाच! १९३६ च्या नव्या करारात निजामाची मालकी पुन्हा मान्य झाली आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. तेव्हा पणजोबा कायद्यानं निजामाची प्रजा होते पण सारा भरला, कोर्टकचेरी केली ती सगळी इंग्रजी अंमलात.

प्रश्न (वर्ध्याहून) : १९३७ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं म्हणजे प्रांतात खरंच आपलं राज्य आलं होतं का? डॉ. खरे यांना का जावं लागलं?

उत्तर : आधी थोडं मागे जाऊ. १९१९ च्या सुधारणांनी काही खाती मंत्र्यांकडे आणि महत्त्वाची खाती, खजिन्यासकट, गव्हर्नरकडे अशी वाटणी झाली होती. १९२३ च्या निवडणुकीत इथं स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं आणि त्यांनी असलं अर्धवट राज्य चालवायचंच नाही असं ठरवून बजेट फेटाळलं, मंत्र्यांचे पगार नाममात्र करून टाकले, शेवटी ती खाती पण गव्हर्नरनं स्वतःकडे घेतली. मला या प्रांताच्या इतिहासातला हा सगळ्यात ताठ कण्याचा प्रसंग वाटतो आणि आपल्याकडे त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१९३७ ला ११२ जागांची असेंब्ली होती, काँग्रेसला ७० मिळाल्या, जुलैत ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले (तेव्हा प्रीमियर म्हणायचे). पण हिंदी भागातले मंत्री शुक्ल, मिश्र, मेहता आणि खरे यांचं पटेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, या तिघांकडे पण मागितला, ते देईनात, तेव्हा गव्हर्नर वायलीनं तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ रातोरात उभं केलं. गव्हर्नरच्या मदतीनं सहकाऱ्यांना काढलं हे काँग्रेस श्रेष्ठींना सहन होणं शक्यच नव्हतं, वर्ध्याला बैठक बसली, खऱ्यांना दोन-तीन दिवसांत पायउतार व्हावं लागलं आणि रविशंकर शुक्ल आले. मराठी मुलखात याची खंत खोलवर राहिली, आणि लगेच १ ऑक्टोबर १९३८ ला याच असेंब्लीत वेगळ्या विदर्भाचा ठराव मंजूर झाला, तो काही आभाळातून पडला नव्हता. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या मुद्द्यावर मंत्रिमंडळ बाहेर पडलं आणि १९४६ पर्यंत पुन्हा गव्हर्नरचंच राज्य. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : दोन-सव्वादोन वर्षं आलं होतं, ते पण गव्हर्नरच्या डोळ्यांसमोर.

प्रश्न (भंडाऱ्याहून) : आमच्याकडच्या मामा तलावांचा या जुन्या प्रांताशी संबंध आहे का? वऱ्हाडात असे तलाव का नाहीत?

उत्तर : आहे ना, थेट आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मध्यप्रांतात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, ते कुळांकडून सारा गोळा करून आपला वाटा ठेवून बाकीचा सरकारात भरायचे, वऱ्हाडात मात्र मुंबईसारखी रयतवारी, खातेदार सरळ सरकारला देणार. तलाव नसण्याचं कारण मात्र एवढंच नाही, तिकडची काळी कापसाची जमीन आणि तुमचा धानाचा पट्टा यातला फरक जास्त मोठा. तलाव बांधले कोहळी समाजानं, गोंड राजांच्या काळापासून, पण मालगुजारीच्या काळात पाळीची (तलावाच्या बांधाची) डागडुजी आणि रोवणीच्या वेळी पाणी कुणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात) आधी जाणार हे गावात ठरलेलं असायचं आणि लोकांचे पाण्याचे हक्क सरकारी कागदात (वाजिब-उल-अर्ज) लिहिलेले असायचे. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ते योग्यच झालं, कुळांचे हाल संपले, पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायची जबाबदारी नेमकी कुणाची ते कुणी नीट लावून दिलं नाही. तुमच्या गावचा तो जुना कागद जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळू शकतो, अर्ज करून नक्कल काढा, पाण्यावरचा हक्क मागायला ग्रामसभेत तोच उपयोगी पडेल.