महागड्या चावीच्या घड्याळांचा कारखाना आतून बघण्यासारखा असतो का?

तुम्ही विचारलंय की युरोपात लाखो रुपयांची चावीची घड्याळं जिथं जोडतात तो कारखाना आपल्यासारख्याला बघता येतो का, आणि बघून करायचं काय, कारण पाचशे रुपयांचं बॅटरीचं घड्याळ त्याच्यापेक्षा बरोबर वेळ दाखवतं.

बघता येतो आणि जमलं तर नक्की बघा. मी सोलापूरचा, नवी पेठेत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. भाचा जर्मनीत ड्रेस्डेनला नोकरीला आहे, त्याच्याकडं गेलो तेव्हा जवळच्या ग्लासह्युटे गावाला जाऊन आलो, डोंगरातलं एवढंसं गाव आणि सगळं घड्याळावर चालतं.

वेळेचं तुमचं बरोबरच आहे. बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाचा बारीक तुकडा, सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि चावीच्या घड्याळाचे ठोके आजकाल बहुतेक तासाला 28,800, म्हणजे सेकंदाला फक्त 8. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटर सर्टिफिकेट, म्हणजे घड्याळ अचूक चालतं असा दाखला, घ्यायचा तरी सरासरी दिवसाला 4 सेकंद मागं ते 6 सेकंद पुढं एवढी सूट असते, साधं बॅटरीचं घड्याळ महिन्यात पंधरा-वीस सेकंद चुकतं. त्यामुळं पैसा वेळेचा नाहीच, पैसा हाताच्या कामाचा आहे, आणि तेच तिथं बघायचं.

ग्लासह्युटेच्या ए. लांगे उंड झ्योने कंपनीत प्रत्येक मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली चक्रांची यंत्रणा, दोनदा जोडतात. पूर्ण जोडायचं, चालवायचं, वेळ लावायची आणि मग सगळं परत खोलायचं! आधी मला पण वाटलं की हे जाहिरातीचं असणार, पण आम्ही मशीन खोलणारी माणसं, कारण ऐकल्यावर पटलं. त्यांच्या मशीनवर चक्रं झाकणारी एकच मोठी प्लेट असते, तिच्या खाली सगळ्या चक्रांची टोकं एकाच वेळी आपापल्या खड्यात, म्हणजे टोक फिरायला बसवलेल्या माणकाच्या भोकात, बसली पाहिजेत, आणि चक्राला वरखाली किती मोकळीक आहे ते केसभर कमीजास्त करायला ती प्लेट परत परत उचलावी लागते. प्लेट जर्मन सिल्व्हरची, त्यात चांदी नसते बरं का, तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि वर मुलामा नाही, म्हणून नुसत्या बोटाचा डाग सुद्धा राहतो. मग आधी सगळं बसवून बघतात, नंतर खोलून धुतात, शेवटचं पॉलिश आणि नक्षी करतात आणि परत जोडतात. बॅलन्स म्हणजे मागंपुढं डोलून वेळ मोजणारं चाक, त्याच्या वरच्या पट्टीवरची फुलं हातानं कोरलेली असतात, कोणत्या कारागिरानं कोरली ते आतली माणसं नक्षीवरून ओळखतात.

मी ज्या कारखान्यात गेलो तिथं काचेपलीकडून बघू देत होते. एक बाई बॅलन्स बसवत होती, टेबल छातीपर्यंत उंच, कोपर टेकलेले, बोटांना रबरी टोप्या. चिमट्यात बॅलन्स, खाली केसासारखी स्प्रिंग लोंबतीय, ती अलगद खाली नेली, किंचित फिरवली आणि बॅलन्स आपोआप डोलायला लागला. तिनं लगेच चिमटा बाजूला नाही ठेवला, थोडा वेळ नुसती बघत राहिली. आमचे वडील अगदी असंच करायचे, सारखा डोलतोय का ते डोळ्यानं बघायचं, यंत्रावर लावायचं नंतर.

आणि त्या गावाची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. खाणी संपून गरिबी आली होती, तिथं फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी 1845 मध्ये पोरांना हाताशी धरून हा धंदा उभा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं ही लांगे कंपनी ताब्यात घेतली, नाव गेलं, आणि 1990 ला त्यांचेच पणतू वाल्टर लांगे यांनी वयाच्या 66 व्या वर्षी परत सुरू केली. आपण सोलापूरकरांनी गिरण्या बंद पडताना बघितल्यात, त्यामुळं हे ऐकताना मला फार भरून आलं.

जायचं असेल तर आधी बुकिंग करा, नुसतं दारात जाऊन आत सोडतील असं समजू नका. गावात घड्याळांचं म्युझियम पण आहे, ते आधी बघा म्हणजे कारखान्यात काय चाललंय ते डोक्यात शिरतं. एवढ्या लांब जाणं होत नसेल तर उद्यान एक्सप्रेस पकडून बेंगळुरूला जा, तिथं एचएमटीचं म्युझियम आहे. 1961 पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं आपल्याकडं चावीची घड्याळं बनायला लागली त्याचा इतिहास तिथं आहे, आणि घरात आजोबांची एचएमटी जनता असेल तर जाताना मनगटावर घालून जा.