खटल्याचे कागद कसे मिळवायचे

कोर्टाची बातमीदारी नव्याने करतेयस, म्हणून सांगतो: पोलिसांच्या तोंडी माहितीवर थांबू नकोस, कागद हातात घे. एफआयआर बहुधा पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. ती 24 तासांत तिथे टाकावी, असं सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलंय. लैंगिक गुन्हे, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. दोषारोपपत्र (चार्जशीट) मात्र तिथे शोधू नकोस. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं त्याच कोर्टाने 2023 मध्ये ठरवलं. मला हे पटत नाही, पण साक्षीदारांची काळजीही खोटी नाही.

खटल्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा 16 अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक, आधी लिहून घे. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर तो टाकला की पुढची तारीख कळते, बरेचसे आदेशही वाचता येतात. अधिकृत प्रत हवी तर नक्कल विभागात अर्ज कर. तू पक्षकार नाहीस, त्यामुळे प्रत कशासाठी हवी ते नेमकं लिही. मोघम कारणावर अर्ज अडतो. माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नकोस. कोर्टाच्या नियमांत प्रत मिळण्याची सोय असेल तर त्याच वाटेने जायचं, हे सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालात स्पष्ट झालंय.

आणि बलात्कार पीडितेची ओळख बातमीत कुठूनही झिरपू देऊ नकोस. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे तो गुन्हाच आहे. फक्त नाव गाळून भागत नाही गं. गाव लहान असलं तर शाळा, वडिलांचा धंदा, घराजवळचं देऊळ एवढ्यावरून माणसं ओळखतात.