गूगल मॅपवर आमचं घर, अंगण, शेत वरून कुणालाही दिसतं. हा खासगीपणावर घाला नाही का? ते काढून टाकता येतं का?

घाला वगैरे काही नाही, असं माझं ठाम मत आहे. बाजारात मिळणाऱ्या चांगल्यातल्या चांगल्या उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर साधारण 30 सेंटिमीटरचा असतो. त्यात तुमचं डोकं जेमतेम एक ठिपका. चेहरा आणि नंबरप्लेट तर सोडाच. शिवाय फोटो आत्ताचा नसतो, कधी कधी दोन-तीन वर्षं जुना असतो.

एवढं तावातावानं लिहितोय त्याला कारण आहे. करवीर तालुक्यात आमची शेती. ऊसपट्ट्यात पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, बंद झाली की तोडलेला ऊस फडातच वाळतो, ट्रॉली बाहेर काढणार कुठून? आमच्या रानाकडं जाणारी पाणंद शेजारच्या भाऊबंदानं वर्षानुवर्षं बांध कोरत निम्मी खाल्ली आणि शेवटी नांगर घालून तिथं ऊसच लावला. वर म्हणायचं काय, तर "हितं वाट कधी नव्हतीच!" गावातली म्हातारी माणसं खासगीत माझी बाजू घ्यायची, पण चारचौघांत कुणी तोंड उघडेना.

मग संगणकावर गूगल अर्थ प्रो उघडलं. त्यात जुन्या तारखांचे फोटो मागं सरकवत बघता येतात. ढगांचे फोटो कामाचे नव्हते, उभ्या उसातही काही कळेना. तोडणी झाल्यानंतरच्या फोटोंत मात्र दोन रानांच्या मधून गेलेली चाकोरी स्वच्छ दिसली. त्या प्रती, गावनकाशा आणि अर्ज तहसीलदारांकडं दिला. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली अडवलेली वाट मोकळी करायचा अधिकार त्यांना आहे, फक्त अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत जायला हवं. जागेवर पाहणी झाली. फोटो पुढ्यात आल्यावर म्हाताऱ्यांनाही बोलायचं बळ आलं, आणि वाट मोकळी झाली.

आमचे धाकटे चुलते मात्र शेवटपर्यंत विरोधात. "आपलं रान जगाला दाखवू नये," हे त्यांचं म्हणणं. 2005 मध्ये राष्ट्रपती कलामांनीही अशा फोटोंबद्दल काळजी व्यक्त केली होती, हा त्यांचा हुकमी मुद्दा. अहो, कलामसाहेबांना धास्ती होती ती अतिरेक्यांची, आपल्या गोठ्याचं छप्पर दिसेल याची नव्हे. आणि 2009 मध्ये इस्रोनंच उपग्रहाचे असेच फोटो दाखवणारं 'भुवन' सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यावर चुलते काही बोलत नाहीत. ज्याला बांध कोरायचाय त्यालाच वरून दिसण्याची भीती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला. रस्त्यावरून काढलेल्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये घर अस्पष्ट करून मागता येतं, तशी सोय उपग्रहाच्या फोटोला नाही. स्ट्रीट व्ह्यूबद्दलची तक्रार मला पटते, कारण त्यात दार-खिडकी जवळून दिसते. आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, ते योग्यच आहे. पण त्या हक्काला खरा धोका खिशातल्या फोनचा. तुम्ही कधी कुठं गेलात याची नोंद तो ठेवू शकतो. ती आधी बंद करा.

हां, एक सांगायचं राहिलं. हे फोटो जमिनीवर काही मीटर इकडंतिकडं सरकलेले असू शकतात. वाट होती एवढं त्यातून दाखवता येतं, बांधाची हद्द नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच लागते. तुमची पाणंद कुणी खात असेल तर जुने फोटो तारखेसकट आत्ताच छापून ठेवा, आणि घरातलं कुणी नको म्हणालं तरी ठेवा.