गिऱ्हाईक पाठवल्याचं कमिशन

प्रश्न : मी म्हापशाचा. चार वर्षांपूर्वी गोवा रेराकडे (घर-जमिनीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) इस्टेट एजंट म्हणून नोंदणी केली. बार्देशात फ्लॅट-प्लॉटचे व्यवहार करून देतो. माझा एक मित्र विमा एजंट आहे. तो म्हणतो, ‘घर घेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठव, पॉलिसी झाली की माझ्या कमिशनातले तीस टक्के तुला जीपे करतो.’ दुसरा मार्ग म्हणजे मीच विम्याची एजन्सी घ्यायची. बायकोच्या नावावर एजन्सीचा कोड काढ, कर वाचेल, असंही काही जण सांगतात. यातलं कायद्यात काय बसतं?

उत्तर : आधी जीपेचं बघू, कारण ते बहुधा सुरूही झालं असावं.

विमा कायदा १९३८ च्या कलम ४० प्रमाणे विम्याचा धंदा मिळवून दिल्याचा मोबदला फक्त विमा एजंटला किंवा विमा क्षेत्रातल्या नोंदणीकृत मध्यस्थाला देता येतो. तुम्ही यातले कुणीच नाही. रेराची नोंदणी इथे उपयोगाची नाही. त्याला कमिशन म्हणा, दिवाळीची भेट म्हणा नाहीतर चहापाणी, नाव बदलल्याने व्यवहार बदलत नाही. उद्या तुमच्या मित्राचं आणि त्याच्या कंपनीचं बिनसलं, तर तुमच्या खात्यात आलेली प्रत्येक रक्कम तारखेसकट पुरावा होऊन समोर येईल. (आम्हा वकिलांनाही कामं आणून देणाऱ्याला वाटा द्यायला मनाई आहे. तरी खरेदीखताचं काम पाठवून ‘वकीलसाहेब, आमचं काय?’ विचारणारे तुमच्याच धंद्यातले लोक दर महिन्याला भेटतात.)

नुसती ओळख करून द्यायला बंदी नाही. ‘अमुक माणूस विम्याचं काम बघतो, हवं तर बोला’ असं सांगून मित्राचा नंबर गिऱ्हाइकाला द्या. गिऱ्हाइकाचा नंबर मात्र त्याला न विचारता मित्राकडे पाठवू नका. तुमच्या फाइलमध्ये आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा असतात. त्या घराच्या व्यवहारासाठी दिलेल्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरायची.

उलट्या बाजूनेही विचार करा. मित्राने त्याचा पॉलिसीधारक फ्लॅटसाठी तुमच्याकडे आणला आणि तुम्ही त्याला दलालीतला वाटा दिलात, तर? रेरा कायद्यात ‘एजंट’ची व्याख्या मोठी आहे. मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची नुसती गाठ घालून देणाराही तिच्यात येतो. रेराखालच्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर नोंदणी नसलेल्या तुमच्या मित्राला दिवसाला १० हजार रुपये दंड लागू शकतो, त्या फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

आता स्वतःची एजन्सी. इस्टेट एजंटने विमा विकू नये असं रेरा कायदा कुठेही म्हणत नाही. दहावी पास असाल तर प्रशिक्षण घेऊन विमा एजंटसाठीची आयसी-३८ ही परीक्षा द्या. मात्र वैयक्तिक एजंटला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी, एवढ्यांचंच काम करता येतं. अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवायच्या असतील तर एखाद्या ब्रोकरकडे पीओएस (पॉइंट ऑफ सेल्स पर्सन, म्हणजे त्याच्या वतीने पॉलिसी विकणारा) म्हणून लागा. त्याला १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असते, विकता येतात त्या ठरलेल्या साध्या पॉलिसी. तुमच्यासारख्याला मला हेच बरं वाटतं. घराचा आणि आरोग्याचा विमा, याच्या पलीकडे सुरुवातीला जाऊच नका.

बायकोच्या नावावरचा कोड ही आपल्याकडची जुनी खोड. परीक्षा तिने दिली, गिऱ्हाइकासमोर ती बसली, तर माझी काही हरकत नाही. सही तिची आणि धंदा तुमचा असेल, तर परवाना नसताना विमा विकणारे तुम्हीच. आणि कर वाचेल ही तर गोव्याबाहेरून आलेली समजूत दिसते! तुमचं लग्न इथल्या नागरी कायद्याखाली, सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालेलं असेल, तर पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकरासाठी नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं (३१ मार्च २०२६ पर्यंत १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५अ, त्यानंतर २०२५ च्या कायद्यातली तशीच तरतूद). तुमची दलालीही त्यात आली. मग कोड कुणाच्याही नावावर असला तरी हिशेब तोच. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला होता का, एवढं तपासा.

खरी भीती मला दुसरीच आहे. एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. विक्री कराराच्या दिवशी त्यांच्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवलेला, एजंट पानं उलटत ‘इथे सही, इथे सही’ म्हणत होता. त्यातच आयुर्विम्याचा प्रस्ताव अर्ज होता. वर्षाचा ६० हजारांचा हप्ता कापला गेला तेव्हा कळलं. तोवर बाईंना तो कागद स्टॅम्प ड्युटीचा वाटत होता. ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत (पॉलिसी हातात आल्यावर, नको असेल तर परत करायची मुदत) पॉलिसी परत केली म्हणून पैसे वाचले. तो एजंट अगदीच लबाड होता असं मी म्हणणार नाही. दोन टोप्या एका टेबलावर ठेवल्या की असं होतं.

म्हणून कराराच्या दिवशी विम्याचा कागद बॅगेतून काढूच नका. विमा घेतला तरच फ्लॅट, अशी अट घातलीत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती निर्बंधित व्यापारी प्रथा ठरते. ‘पॉलिसी घ्या, माझी दलाली अर्धी करतो’ हेही नको. विमा कायद्याचं कलम ४१ कमिशनातून सूट देण्याला, आडमार्गाने दिलेल्या सुटीलाही, मनाई करतं. हे कलम प्रस्ताव अर्जावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, वाचत कुणी नाही. आणि विमा विकायला बसाल तेव्हा ‘यात मला कमिशन मिळतं’ हे तोंडाने सांगा, व्हॉट्सॲपवर लिहूनही ठेवा.

मित्राला आजच कळवा की ओळख देईन, वाटा नको. आतापर्यंत काही रक्कम आलेली असेल तर मेसेज पुसत बसू नका. बँकेचं स्टेटमेंट घेऊन सीएकडे जा, ती रक्कम रिटर्नमध्ये दाखवा, आणि त्याची एक प्रत माझ्याकडे घेऊन या.