एक्सेल फॉर्म्युला कशाला म्हणतं?

ताई, देवस्थानच्या महाजनांच्या (वंशपरंपरागत सभासदांच्या) यादीतल्या तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. फोनच्या कॉलममध्ये उणे आकडा आला, शेऱ्यात इंग्रजी अक्षरांत '-कॅश' लिहिलं तर नेम-एरर (नाव ओळखता आलं नाही, अशी चूक) आली, आणि एकूण वर्गणीच्या कॉलममध्ये मात्र बेरीज न होता =सी२+डी२ असंच दिसतंय. नावं मराठीत आणि बाकीचं इंग्रजीत, म्हणून एक्सेल गोंधळतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. भाषेचा यात काही संबंध नाही.

तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ एक्सेल लावत नाही. एंटर दाबताच ते आधी सेलचं फॉरमॅट बघतं आणि मग पहिलं चिन्ह. फॉरमॅट 'टेक्स्ट' असेल तर पुढे बरोबरचं चिन्ह असलं तरी तो मजकूरच. सुरुवातीला अपॉस्ट्रॉफी असेल तरीही मजकूरच, आणि ती अपॉस्ट्रॉफी सेलमध्ये दिसत नाही की अक्षरं मोजताना धरली जात नाही. हे दोन्ही नसेल आणि सुरुवात =, + किंवा - नं झाली असेल, तर तो फॉर्म्युला. नुसतं -५०० असेल तर अर्थात साधा आकडा. संख्या आहे का, तारीख आहे का हे त्यानंतर तपासलं जातं आणि कशातच बसलं नाही तर मजकूर.

आता तुमचा फोन नंबर बघा. समजा तुम्ही +९१-८३२-१२३४५६७ टाइप केलं. सुरुवातीला अधिक चिन्ह आहे, म्हणून एक्सेलनं पुढे स्वतःच बरोबर लावलं आणि हिशेब केला: ९१ वजा ८३२ वजा १२३४५६७. उत्तर -१२३५३०८. पणजीचा एसटीडी कोड वजाबाकीत गेला. '-कॅश'चंही तसंच. उणे चिन्ह दिसलं म्हणून 'कॅश' नावाची एखादी रेंज (नाव दिलेला सेलांचा गट) असेल असं समजून एक्सेलनं ती शोधली, सापडली नाही, म्हणून नेम-एरर.

हे अधिक-उणे आलं कुठून, तेही सांगतो, कारण ते कळलं की नियम लक्षात राहतो. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये, पहिलं बटण दाबताच निर्णय व्हायचा. अक्षर दाबलं तर मजकूर. आकडा, अधिक, उणे, कंस किंवा @ दाबलं तर हिशेब. म्हणजे नुसतं ए१ लिहिलं तर तो मजकूर ठरायचा, म्हणून लोक +ए१ लिहायचे. १९८३ च्या लोटस १-२-३ या पुढच्या स्प्रेडशीटनं तीच रीत ठेवली आणि अपॉस्ट्रॉफीही तिथं होतीच, मजकूर डावीकडे लावण्याची खूण म्हणून. एक्सेलनं बरोबरचं चिन्ह घेतलं, पण लोटसवर हात बसलेल्यांसाठी बाकीची दारं उघडी ठेवली. बेरजेसाठी @सम लिहिलंत तर आजही ते =सम करून घेतं. जुने अकाउंटंट =+ नं सुरुवात करतात ती त्याच सवयीनं, शिवाय अधिकचं बटण नंबरपॅडवर हाताशी असतं आणि बरोबरचं बहुतेक कीबोर्डांवर तिथं नसतं.

तुमचे फोन नंबर गेलेले नाहीत, काळजी करू नका. सेलवर क्लिक केलंत तर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये =+९१-८३२-१२३४५६७ दिसेल. पहिला फोन नंबर बी२ मध्ये असेल, तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत =मिड(फॉर्म्युलाटेक्स्ट(बी२),२,२०) लिहा आणि खाली ओढा. बरोबरचं चिन्ह सोडून उरलेला नंबर मजकूर म्हणून परत मिळेल. मग मूळ कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा आणि नवा कॉलम कॉपी करून त्यावर 'पेस्ट व्हॅल्यूज' करा. हा क्रम उलटा करू नका. आधी पेस्ट केलं आणि फॉरमॅट नेहमीचं 'जनरल'च राहिलं, तर उद्या कुणी त्या सेलमध्ये शिरून नुसतं एंटर दाबलं की पुन्हा वजाबाकी.

एकूण वर्गणीचं दुखणं याच्या उलट. आधी कंट्रोल दाबून टॅबच्या वरचं बटण दाबून बघा, 'शो फॉर्म्युलाज' चुकून चालू असेल तर तेवढ्यानं काम होईल. नाहीतर तो कॉलम टेक्स्ट झालेला आहे. नुसतं फॉरमॅट जनरल केल्यानं काही बदलत नाही, कारण निर्णय एंटरच्या वेळीच झालेला असतो. जनरल करून कॉलम निवडा, डेटा टॅबमध्ये 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा आणि थेट फिनिश दाबा. सगळे सेल नव्यानं भरल्यासारखे होतात आणि बेरजा येतात. इथं एक खोच आहे. फॉर्म्युला टेक्स्ट फॉरमॅटच्या सेलकडे बोट दाखवत असेल, तर कधी कधी एक्सेल ते फॉरमॅट फॉर्म्युलाच्या सेललाही देतं. त्या वेळी उत्तर बरोबर येतं, पुढच्या दुरुस्तीला मात्र फॉर्म्युल्याचा मजकूर होतो. 'काल चालत होतं, आज नाही' ही तक्रार बहुतेक यातूनच येते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण देवस्थानच्या जमिनींची यादीही याच फाइलमध्ये करणार आहात म्हणून सांगतो. फॉर्म १ व १४ वरचा (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावरचा) सर्वे नंबर १२/५ टाइप केलात तर तो १२ मे होईल, ४५/१३ मात्र तसाच राहील, आणि अर्धा कॉलम बिघडलेला पटकन लक्षातही येणार नाही. फॉर्म्युल्यात मूळ अक्षरं तरी शाबूत राहतात. तारीख झाली की आत फक्त १९०० पासूनच्या दिवसांचा आकडा उरतो. जीवशास्त्रज्ञांना याच त्रासापायी २०२० मध्ये सेप्ट१, मार्च१ अशा जनुकांची चिन्हं बदलावी लागली. २०२३ पासून एक्सेलमध्ये काही आपोआप बदल बंद करण्याची सोय आली आहे, पण ती फॉर्म्युल्याच्या निर्णयाला लागू नाही. तेव्हा फोन, सर्वे नंबर आणि पावती क्रमांक हे तिन्ही कॉलम रिकामे असतानाच टेक्स्ट करून ठेवा.

कुणी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) पाठवली तर डबल क्लिक करून उघडू नका. तिथंही = दिसलं की फॉर्म्युलाच होतो, मजकूर अवतरणचिन्हांत असला तरीही. अनोळखी माणसांनी भरलेल्या माहितीत मुद्दाम असा फॉर्म्युला घुसवता येतो, हा धोका खरा आहे. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'नं फाइल आत घ्या आणि लोड करण्याआधी हे कॉलम टेक्स्ट करा.